तीन मिनिटांची बाजू

‘सखी मंद झाल्या तारका’ म्हटलं की मराठी कानाला सुधीर फडके ऐकू येतात. पण हे गाणं बाबूजींच्या आधी एका वेगळ्याच गळ्यातून लोकांपर्यंत गेलं होतं. सुधीर मोघे यांच्या या गीताला राम फाटक यांनी चाल लावली ती आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या ‘स्वरचित्र’ या कार्यक्रमासाठी, आणि तिथं ते गायले भीमसेन जोशी. फडक्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका नंतरची. चाल तीच, शब्द तेच. तरी दोन्ही लागोपाठ ऐकली तर गाणं एकच आहे असं म्हणवत नाही. भीमसेनांच्या गळ्यात ओळ रागाकडे ओढ घेते. फडक्यांकडे प्रत्येक अक्षर आधी शब्द असतं, मग स्वर. पुढच्या पिढ्यांनी मात्र पाठ केलं ते बहुतांशी तबकडीवरचंच.

इंग्रजी पॉप संगीताच्या शौकिनांना अशा जोड्यांचं मोठं वेड असतं. बीटल्सचं ‘लव्ह मी डू’ ऑक्टोबर १९६२ मध्ये सुट्या रेकॉर्डवर आलं तेव्हा त्यावर ड्रम वाजवले होते रिंगो स्टारनं. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर तेच गाणं आलं तेव्हा ड्रमवर ॲंडी व्हाइट हा भाडोत्री वादक होता आणि रिंगोच्या हाती खंजिरी. ‘लेट इट बी’चं सुटं रूप आणि अल्बममधलं रूप यांत गिटारची फिरत वेगळी. ‘द डोअर्स’च्या ‘लाइट माय फायर’मधला वाद्यांचा लांबलचक भाग रेडिओसाठी कापून टाकला आणि सात मिनिटांच्या आसपासचं गाणं तीन मिनिटांवर आणलं. या सगळ्यावर तिकडे ग्रंथ झाले. आपल्याकडे हाच प्रश्न पॉपच्या जन्माआधीपासून आहे, आणि त्याचा मोठा भाग पुण्यात घडला आहे: रंगभूमीवर, प्रभातच्या स्टुडिओत आणि आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षात. त्याची नोंद मात्र फार थोडी झाली.

सुरुवात तबकडीच्या मापापासून करावी लागते. फ्रेड गायसबर्ग १९०२ साली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्याला आला आणि भारतीय संगीताचं व्यापारी मुद्रण सुरू झालं. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावत. बारा इंचीवर साडेचार. सुरुवातीची मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथं छापून येत, म्हणून गाणं संपताच गायिका आपलं नाव मोठ्यानं सांगायची. तिकडच्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं यासाठी. १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, वाद्यं मागे. अशा यंत्रासमोर कुजबुजता येत नसे आणि मुरकी अलगद सोडली तर ती मेणात उमटतही नसे.

आता रंगमंच आठवा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झालं, त्यात शंभराहून अधिक पदं होती. रात्री सुरू झालेलं संगीत नाटक पहाटेपर्यंत चाले आणि पद किती वेळ चालायचं हे प्रेक्षक ठरवीत. ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा, आणि पुन्हा म्हणताना ते पहिल्यासारखं नसे. बालगंधर्व ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी होऊन उभे राहत तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चालीला दर प्रयोगात नवी जागा मिळे. ही चाल देणारे बखलेबुवा पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. पदाच्या मागेपुढे संवाद असे, पात्राची मनःस्थिती असे, आणि पुढच्या काळात तर साथीला तबल्यावर थिरकवाँखाँ असत.

तेच पद तबकडीवर गेलं की त्याचं काय होई? आलाप नाही. संवाद नाही. ध्रुपद लगेच धरायचं, एक अंतरा, दोन-तीन ताना, पुन्हा ध्रुपद, खलास. घड्याळ बघत गायलेलं गाणं ते. तरी बालगंधर्वांच्या तबकड्यांना कमी लेखणं चूक ठरेल. त्या तीन मिनिटांत त्यांनी रंगमंचावरचा पसारा काढून टाकून फक्त लडिवाळ लय आणि शब्दाची फेक ठेवली. ज्यांनी त्यांना मंचावर पाहिलं नाही अशा किती तरी गायकांनी नाट्यसंगीत याच तबकड्यांवरून उचललं. पण याचाच दुसरा परिणाम असा की आज एखादा तरुण गायक पद जसंच्या तसं म्हणतो तेव्हा तो बहुधा नाटकातलं पद म्हणत नसतो, तबकडीची प्रत म्हणत असतो. बालगंधर्वांचं मोठेपण ज्या विस्तारात होतं तो विस्तार त्या प्रतीत नाहीच.

शास्त्रीय गायकांची कोंडी आणखी वेगळी. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं, शिष्य घडवले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९३० नंतरच्या काही वर्षांत, ओडियन कंपनीसाठी तबकड्या दिल्या. त्यांत ‘मानापमान’मधलं ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही आहे. म्हणजे गोविंदराव टेंब्यांनी नाटकासाठी बांधलेली चाल, मंचावर वेगळ्या गायकांनी रंगवलेली, आणि मग किराण्याच्या सुरात, कुठल्याही पात्राशिवाय, तीन मिनिटांत बसवलेली. हे पद आज ज्यांच्या कानात आहे त्यांतल्या पुष्कळांना ते खाँसाहेबांचंच वाटतं. गोव्याच्या केसरबाई केरकरांची गोष्ट याहून थोर. मैफलीत राग तासभर उलगडणाऱ्या या गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेली, ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांची.

भावगीताचं मात्र उलट झालं. तिथं गाण्याला तबकडीनं कापलं नाही, तबकडीच्या मापानं गाणं जन्माला घातलं. १९३० नंतर जी. एन. जोशी यांच्या तबकड्या गाजल्या, मग पुण्याचे गजाननराव वाटवे घराघरांत पोचले. ध्रुपद आणि दोन-तीन कडवी, मध्ये छोटे वाद्यमेळ, असा जो साचा पुढे पन्नास वर्षं टिकला तो एका बाजूवर बरोबर मावणारा आहे. कवीनं पाच कडवी लिहिलेली असली तर संगीतकार तीन निवडी आणि उरलेली पुस्तकात राहत. मैफलीत, गणेशोत्सवाच्या मांडवात गायक ती कधी गात, कधी नाही. भावगीताच्या बाबतीत ‘मूळ’ कोणतं, कवीची पूर्ण कविता की तबकडीवरची तीन कडवी, याचं उत्तर आजही प्रत्येक गायक आपापल्या परीनं देतो.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच वर्षीच्या ‘सैरंध्री’ची रंगीत छपाई जर्मनीत झाली, आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही जर्मनीतच तयार झाल्या, भारतीय चित्रपटगीतांच्या तबकड्यांत त्या अगदी आरंभीच्या मानल्या जातात. इथं दोन रूपांचा भेद तंत्रातच होता. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत नट-नटी कॅमेऱ्यासमोर उभं राहून गात आणि आवाज फिल्मच्या कडेवर प्रकाशाच्या रेघेनं उमटे. तबकडीसाठी मेणावर वेगळं मुद्रण लागे. म्हणून रेकॉर्ड कंपनी गायकाला पुन्हा बोलवी आणि गाणं पुन्हा गाऊन घेई, तेही तीन मिनिटांच्या हिशेबात. पडद्यावर पात्र चालत, थांबत, हुंदका देत गातं. तबकडीवर ते स्टुडिओत स्थिर उभं राहून गातं. केशवराव भोळे प्रभातमध्ये संगीत देत होते त्या काळात हा फरक फार जाणवतो, कारण भोळ्यांची सारी धडपड गाणं प्रसंगातून उगवावं अशी होती. ‘कुंकू’ या १९३७ च्या चित्रपटात त्यांनी पार्श्वसंगीतच टाळलं आणि प्रसंगातले खरे आवाज तेवढे ठेवले. चित्रपटाच्या त्या शांततेत शांता आपट्यांचं गाणं जसं लागतं तसं ते तबकडीवर लागणं शक्यच नाही. तबकडीवर त्याच्या भोवतीचं घर नसतं.

पुढे पार्श्वगायन आलं तरी घोळ संपला नाही, वाढला. अनिल विश्वास यांच्या ‘अनोखा प्यार’मध्ये (१९४८) मीना कपूर यांनी चित्रपटासाठी गायलेली काही गाणी त्यांच्या आजारपणामुळे तबकडीसाठी लता मंगेशकरांनी गायली. थिएटरात एक आवाज, घरच्या फोनोवर दुसरा. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर तर लताचं नाव नव्हतंच, गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लेबल हा पुरावा असतो, पण खोटा पुरावाही असू शकतो, हे संग्राहकांना अशाच तबकड्यांनी शिकवलं.

जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर लाखेची तबकडी हाती आली तर ती उन्हात धरून पाहावी. मधल्या लेबलावर कंपनीची खूण, गाणाऱ्याचं नाव, नाटक किंवा चित्रपट, कधी राग. संगीतकाराचं नाव पुष्कळदा नाहीच. लेबलावर ठळक असतो तो विक्रीचा क्रमांक. खरी ओळख त्याच्या बाहेर, खाचा संपल्यावर उरलेल्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तिथं बारीक अक्षरांत एक आकडा दाबलेला असतो, तो नखाला लागतो. याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. दोन बाजूंना दोन वेगळे मॅट्रिक्स क्रमांक, कारण ती मुद्रणं दोन. दोन तबकड्यांवर गाणं आणि गायक एकच, पण हा आकडा वेगळा, तर गायक पुन्हा गायला आहे असं समजावं. तबकडीचा इतिहास शोधणारे लोक गाणं ऐकायच्या आधी हा आकडा वाचतात.

या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठं, आणि पूर्णपणे पुण्याचं, उदाहरण म्हणजे गीतरामायण. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड यांनी गदिमांच्या मागे लागून वर्षभराची मालिका ठरवली आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रसारित झालं. शुक्रवारी सकाळी पावणेनऊ ते नऊ. तेच गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा. योजना बावन्न गीतांची होती, त्या वर्षी अधिक मास आल्यानं ती छप्पन्न झाली आणि १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. गदिमा वाकडेवाडीला ‘पंचवटी’त राहत, फडके चाल बांधत, आणि गीत वेळेवर केंद्रात पोचवताना सगळ्यांची धावपळ होई.

त्या मूळ मालिकेत पात्रागणिक आवाज वेगळे होते. रामाची गीतं फडके स्वतः गात. बाकीच्या भूमिकांसाठी वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक, मालती पांडे, गजाननराव वाटवे, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर अशी मंडळी होती. ती रेडिओवरची संगीतिकाच होती. एका आठवड्याला एक गीत, मध्ये सात दिवसांची वाट. पुण्यात त्या वेळी लोक रेडिओला हार घालत, असं अनेकांनी लिहून ठेवलं आहे.

आज दुकानात किंवा मोबाइलवर गीतरामायण मागितलं तर सहज मिळतं ते दुसरं. एचएमव्हीनं काढलेल्या ध्वनिमुद्रिकांवर सगळी छप्पन्न गीतं एकटे सुधीर फडके गातात: राम तेच, सीता तेच, कौसल्या, भरत, हनुमानही तेच. हे रूप लाखेच्या तबकडीत मावणारं नव्हतंच. गदिमांच्या गीतांना आठ-आठ, नऊ-नऊ कडवी आहेत. तीन मिनिटांत त्यांतलं तिसऱ्या हिश्श्याचंही काम झालं नसतं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं देणारी लाँग प्ले रेकॉर्ड आली म्हणूनच गीत अख्खं घरी आलं.

दोन रूपांत डावं-उजवं करायचंच तर असं म्हणावं लागेल की नाट्य रेडिओच्या रूपात अधिक आहे. सीतेचा त्याग झाल्यावरचं गीत स्त्रीच्या आवाजात येणं आणि बाबूजींच्या आवाजात येणं यांत अर्थच पालटतो. पहिल्यात सीता बोलते, दुसऱ्यात सीतेची कथा सांगितली जाते. पण याच कारणानं दुसरं रूप कीर्तनाच्या परंपरेला जवळचं आहे. एकटा कथेकरी सगळी पात्रं करतो, आवाज बदलत नाही, भाव बदलतो, आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. पुढे फडक्यांनी गावोगाव गीतरामायणाचे कार्यक्रम केले ते याच पद्धतीनं, आणि ध्वनिमुद्रिका ही त्या मंचीय रूपाची सावत्र नव्हे, सख्खी बहीण आहे. तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. तबकडीवरचं रूप सगळीकडे पसरल्यामुळे माणिक वर्मांची, वसंतरावांची, मालती पांड्यांची गीतरामायणातली कामगिरी सामान्य श्रोत्याच्या आठवणीतून निघून गेली. आजच्या तिशीतल्या पुणेकराला विचारलं तर या मालिकेत लता गायली होती हे त्याला बहुधा नवीनच वाटेल.

लाँग प्ले आल्यावर मराठीत खरा ‘अल्बम’ शक्य झाला, म्हणजे गाण्यांचा क्रम आणि त्यांना जोडणारा धागा. याचा नमुना ‘शिवकल्याण राजा’. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली हृदयनाथ मंगेशकरांनी तो केला, लता गायली, आणि निवेदन होतं पुण्याच्या बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. पुरंदऱ्यांचा आवाज प्रसंग उभा करतो, मग गीत येतं. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ त्या निवेदनानंतर ऐकणं आणि रेडिओवर मागच्या-पुढच्या जाहिरातींमध्ये सुटं ऐकणं, हे दोन वेगळे अनुभव. संकलनाच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा निवेदन कापलं गेलं आणि गाणी सुटी झाली. कुसुमाग्रजांच्या कवितेचं काही बिघडलं नाही. पण ज्या माणसानं शिवचरित्र सांगण्यात आयुष्य घातलं त्याचा आवाज त्या गाण्यांपासून तुटला.

भारतात लाखेच्या तबकड्या जगाच्या मानानं फार काळ टिकल्या. इंग्लंड-अमेरिकेत त्या बंद झाल्यावरही कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणी ७८ च्या तबकडीवर छापली जात होती, कारण इथल्या असंख्य घरांत अजून चावीचे फोनो होते. जगभरचे संग्राहक आज त्या तबकड्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. त्याच कारखान्यातून त्याच काळात निघालेल्या मराठी तबकड्या मात्र रद्दीच्या भावात जातात.

कॅसेट आली आणि वेळेचं बंधन सैल झालं. पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय गायकांच्या कॅसेटी काढल्या तेव्हा रागाला श्वास घ्यायला जागा मिळाली. भीमसेनांचा ‘सवाई’तला पहाटेचा राग आणि त्यांची लाँग प्ले यांच्यात जे अंतर होतं ते थोडं कमी झालं. पण नाट्यपदांची, भावगीतांची, बोलपटातल्या गाण्यांची जी आधीची रूपं तबकडीच्या बाहेर राहिली होती ती काही परत आली नाहीत. बोलपटांच्या बाबतीत तर धोका प्रत्यक्ष घडला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळं जळाली.

आता ॲपवर एका गाण्याखाली एकच नाव आणि एकच वर्ष येतं, आणि ते वर्ष पुष्कळदा संकलनाची सीडी निघाली त्याचं असतं. ध्वनिमुद्रण कधीचं, रेडिओवरचं की तबकडीवरचं, चित्रपटातलं की कंपनीनं पुन्हा गाऊन घेतलेलं, यातलं काहीच कळत नाही. एवढी माहिती कंपन्यांनी द्यावी ही मागणी अवाजवी नाही. मॅट्रिक्स क्रमांक आणि मुद्रणाच्या तारखा त्यांच्याच वह्यांत आहेत. आकाशवाणीनं पुणे केंद्राचे ‘स्वरचित्र’चे आणि मूळ गीतरामायणाचे जे भाग जपले असतील ते गायकांच्या नावांसह, सलग, लोकांना मोकळे करावेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या हौशी मंडळींनी तबकड्यांच्या याद्या करण्याचं काम पदरमोड करून केलं आहे, रेडिओच्या आणि मैफलीच्या ध्वनिफितींसाठी तसंच काम व्हायला हवं.

आणि पुण्यातल्या घरांनी एक करावं. सदाशिव-नारायण पेठेतल्या कपाटांत, कोथरूडच्या फ्लॅटमधल्या माळ्यांवर अजून स्पूल टेप आणि हातानं लिहिलेल्या कॅसेटी पडून आहेत. कोणा आजोबांनी रेडिओसमोर माइक धरून घेतलेल्या, गणपतीत किंवा लग्नाच्या मैफलीत घेतलेल्या. भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्या एकदा वाजवून बघाव्यात, कोण गातंय आणि साधारण कधीचं आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून डबीवर लिहावं, आणि त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी. पावसाळ्यात फितीला बुरशी लागते. हे काम यंदाच्या पावसाआधी करा.